मयताला येता का?

आमच्या डहाणूच्या ख्रिस्ती मंडळीत नवा उपदेशक आला की रूथबाई त्याला घरी चहाला बोलवत. कप त्याच्या हातात देत आणि पहिला घोट घ्यायच्या आत विचारत, "मयताला येता का?" घोट घ्यायचा की उत्तर द्यायचं, हेच त्या बिचाऱ्याला कळत नसे. तो कुठे शिकला, त्याच्या सभेत किती जण रडले, यातलं काही बाईंना ऐकायचं नसे. "जेवायला कुणीही येतं," त्या म्हणत, "मयताला येतो तो आपला." एकदा एका तरुण उपदेशकाने कबूल केलं, "बाई, मला प्रेताची भीती वाटते." बाईंनी त्याच्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "हा चालेल. निदान खोटं बोलत नाही."

बाई मूळच्या नगरकडच्या. तलासरीत मुलींच्या वसतिगृहाच्या गृहमाता म्हणून त्यांनी उभी हयात काढली आणि निवृत्त झाल्यावर डहाणूला माझ्या शेजारी राहायला आल्या. मी त्यांच्याच हाताखाली वाढलेली, त्यामुळे पोरंबाळं झाली तरी त्यांच्यासमोर माझी पाठ आपोआप ताठ व्हायची. बुटक्या, काटक, आणि रागीट. कुणी रागावरून टोकलं की म्हणत, "राग रोज वापरायची वस्तू नाही. पण घरात असावा. कामाला येतो." तो राग किती कामाचा होता, ते मला फार उशिरा कळलं.

मग तो ब्रदर आला. त्याचं नाव मी लिहिणार नाही. त्याने ते पोस्टरांवर पुरेसं लिहून घेतलं आहे. पांढरी गाडी, पांढरे बूट, आणि हातात माईक असा की जन्मतःच चिकटलेला असावा. डहाणूत सभा घ्यायचा आणि तिथून तलासरीच्या डोंगरातल्या पाड्यांवर जायचा. नव्याने विश्वासात आलेल्यांना त्याने शिकवलं की नातेवाईक अंधारात आहेत, त्यांच्या घरचं पाणी पिऊ नका, त्यांच्या लग्नात पाऊल टाकू नका. अशाने देव खूश होतो म्हणे. कुठला देव, ते त्यालाच ठाऊक.

सखाराम हा त्यातल्याच एका पाड्यावरचा, नव्याने विश्वासात आलेला शेतकरी. भात आणि नाचणी पिकवणारा, स्वभावाने भोळा. त्याची मुलगी मनीषा बाईंच्या वसतिगृहात शिकलेली. सखारामचा थोरला भाऊ धर्मा अंगणापलीकडे राहायचा. धर्माच्या मुलाचं लग्न निघालं. त्यांच्या घरात मांडवाचा पहिला खांब धाकट्या भावाने रोवायचा, अशी रीत. सखारामने ब्रदरचं ऐकलं आणि दोन दिवस बायकोमुलीसकट दार लावून आत बसला. बाहेर तारपा वाजत होता. धर्माने शेवटी खांब शेजाऱ्याकडून रोवून घेतला.

मनीषाने हे येऊन सांगितलं, तेव्हा बाईंनी हातातलं लसूण पाखडायचं सूप खाली ठेवलं आणि चप्पल घातली. रविवारची सभा चालू होती. ब्रदर चहाला कधीच आला नव्हता, म्हणून बाईंनी सभेतच उभं राहून विचारलं, "मयताला येता का?" तो हसला. "आंटी, मी डेडसाठी नाय, लिव्हिंगसाठी आलोय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला आजही त्या टाळ्यांची लाज वाटते. मंडळीचे सेक्रेटरी नंतर बाईंना समजावू लागले, "देवाच्या सेवकावर बोट उचलू नये." बाई म्हणाल्या, "मी बोट कुठे उचललं? प्रश्न विचारला. प्रश्नाने मोडतो तो सेवक कसला?"

कापणीच्या दिवसांत सखारामची बायको कमळी तापाने गेली. सखारामने ब्रदरला फोन लावला. फोन त्याच्या माणसाने उचलला. ब्रदर सभेत आहेत, तिथूनच प्रार्थना करतील, म्हणाला. पाड्यावरचं कुणी येईना. बाई आणि मी पोहोचलो तेव्हा सखाराम आणि मनीषा प्रेताजवळ दोघंच बसले होते. कमळीला न्यायला माणसंच नव्हती.

बाई तडक अंगण ओलांडून धर्माच्या ओट्यावर जाऊन बसल्या. धर्मा दारातच उभा होता.

"माझे मांडवात त्याना पाय नाय ठेवला," तो म्हणाला. "माझे घरचा पाणी त्याला बाटलेला. आता माझा खांदा बरा चालतो?"

"तू म्हणतोस ते खरं आहे," बाई म्हणाल्या. "मला पाणी दे. भाकर असेल तर तीही दे."

धर्मा दारातून बाजूला झाला. त्याच्या बायकोने तांब्या आणि नाचणीची भाकर आणून ठेवली. बाईंनी ओट्याभोवती जमलेल्या सगळ्यांच्या देखत प्रार्थना केली, भाकर खाल्ली, पाणी प्यायल्या आणि पलीकडे हाक मारली, "सखाराम, ये. पाणी पी."

सखाराम ओट्यापाशी येऊन थबकला. "ब्रदर नको बोललेत."

"ब्रदर आहे का इथे?"

सखारामने इकडेतिकडे पाहिलं. मग तांब्या उचलला आणि रडत रडत प्यायला. धर्मा आत गेला आणि कुदळ घेऊन बाहेर आला. त्याच्या मागून पाड्यावरचे इतरही निघाले. पण जाताना तो भावाकडे न बघता म्हणाला, "खांदा देतो तो कमळीला. याला नाय." आणि तो शब्द त्याने पाळला. भावाशी पुन्हा बोलला नाही.

दोनेक महिन्यांनी ब्रदर डहाणूला सभा घ्यायला आला. सखारामला त्याने पहिल्या रांगेत बसवलं आणि माईकवरून सांगितलं की या भावाने बायको गमावली, नातेवाईक सोडले, पण विश्वास सोडला नाही. सखाराम मान खाली घालून बसला होता. मला तर तो माईक हिसकावून घ्यावासा वाटला. बाई उठल्या.

"त्याने सोडले नाहीत, तुम्ही सोडायला लावले. चारोटी नाक्यावरून तलासरीकडे तुमची गाडी जातेच. धर्माच्या ओट्यावर चला आणि सांगा, मी चुकीचं शिकवलं, याचा दोष नाही."

"आंटीमध्ये कडूपणाचा आत्मा आहे," ब्रदर लोकांना म्हणाला. "आपण सगळे प्रेअर करू." शेकडो हात बाईंच्या दिशेने उगारले गेले आणि त्यांच्यातला आत्मा घालवण्यासाठी मोठमोठ्याने प्रार्थना सुरू झाली. ज्या बाईने त्यातल्या निम्म्यांच्या मुलींच्या डोक्यातल्या उवा काढल्या, तापात उशाशी रात्री काढल्या, तिच्यावर हे हात उगारत होते. बाई शांतपणे उभ्या राहिल्या. सगळं थांबल्यावर म्हणाल्या, "झालं? आता निघायचं का धर्माकडे?"

ब्रदर गाडीत बसला आणि निघून गेला. बाई मात्र त्यानंतर जमेल तेव्हा बसने तलासरीला जात, धर्माच्या ओट्यावर बसत. तो चहा देई, पिकाचं बोले, भावाचं नाव काढलं की उठून बैलाकडे जाई.

गेल्या वर्षी बाई अंथरुणाला खिळल्या. दवाखान्यात सेक्रेटरी चिकू घेऊन आले आणि हळुवार आवाजात म्हणाले, "बाई, आता मनातलं काढून टाका. ब्रदरला क्षमा करा."

बाईंना धाप लागत होती. तरी त्या उशीवर सरळ झाल्या. "माझं काय बिघडवलंय त्याने? दोन भाऊ तोडलेत. क्षमा मागायची तर त्यांच्याकडे मागू दे. त्यांच्या वतीने त्याला सोडून द्यायचा अधिकार मला कुणी दिला?"

त्याच आठवड्यात बाई गेल्या. आमच्या मंडळीत अजून हळहळतात, की एवढी भली बाई, पण शेवटी मनात राग घेऊन गेली. हो, घेऊन गेली. सखाराम आणि धर्माच्या अंगणात आता कुंपण आहे, ब्रदरच्या पुढच्या सभेची पोस्टरं स्टेशनपासून लागली आहेत, आणि सेक्रेटरी मलाही येऊन सांगतात, जाऊ दे, क्षमा कर. मला तो अधिकार नाही.