पणजोबांच्या गावची पाहुणी

माझ्या मैत्रिणीने नोकरी सोडली तेव्हा मी तिला तोंडावरच म्हटलं, "डोकं फिरलंय तुझं!" इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूच्या ऑफिसात आमच्या दोघींच्या मधे एक पार्टिशन, आणि तेही नावाला. मी नागपूरची, मनात आलं की ओठावर आलंच. ती शांत, ऐकून घेणारी. तेव्हाही तिने ऐकून घेतलं, हसली आणि म्हणाली, "तिकीट बुक केलंय."

ती जायची होती जपानला. अमेरिकेतली तिची ही चौथी पिढी. तिचे पणजोबा जपानमधल्या एका डोंगरातल्या गावातून आले आणि आज जिथे आम्ही पार्किंगसाठी गोल गोल फिरतो त्या बेलव्ह्यूत त्यांनी स्ट्रॉबेरी पिकवली. पुढे अमेरिकेचं जपानशी युद्ध झालं, घरदार सोडून इथल्या सगळ्या जपानी कुटुंबांना सरकारी छावणीत जावं लागलं. परत आल्यावर त्या घरात कुणी मुलांशी जपानी बोललं नाही. मुलं अमेरिकन झाली म्हणजे सुटली, असं त्यांना वाटलं असणार. माझ्या मैत्रिणीपर्यंत येईतो जपान उरलं ते आडनावात आणि चेहऱ्यात.

पण बाई जिद्दीची. आम्ही लंचला इकडच्या तिकडच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचो, तेव्हा ही एका हाताने सँडविच खात दुसऱ्या हाताने जपानी अक्षरं गिरवायची. वर्षानुवर्षं! चाळिशी उलटलेली, चांगला पगार, डोक्यावर स्वतःचं छप्पर. मी म्हटलं, "अगं, सुट्टी घेऊन बघून ये ना, फोटो काढ, झालं." त्यावर ती म्हणाली, "पणजोबांचं गाव बघून आले की. आठवडाभर राहिले होते. मला तिथे पाहुणी म्हणून जायचं नाही यार, मला पणजोबांच्या घरातली व्हायचंय." हे 'यार' तिला मीच लावलेलं.

त्या घरात आता एकच माणूस होतं. तिच्या पणजोबांच्या धाकट्या भावाची सून, ऐंशी ओलांडलेली. मैत्रीण त्यांना आजी म्हणायची. आजींनी कळवलं होतं, अवश्य या, हवं तितकं राहा.

आणि पहिल्याच संध्याकाळी घोटाळा झाला. त्या घरात आंघोळीची रीत अशी, की संध्याकाळी एक खोल टब गरम पाण्याने भरायचा. साबण लावून अंग धुवायचं ते टबाच्या बाहेर, आणि स्वच्छ होऊन मग त्या पाण्यात निवांत बसायचं. पाणी तेच, घरातले सगळे एकामागून एक त्यात बसणार. पहिला मान पाहुण्याचा. माझ्या मैत्रिणीला हे सगळं पाठ होतं. पण प्रवासाने अंग आंबलेलं, पाण्यातून बाहेर आली आणि जन्मभराच्या सवयीने हात खाली गेला आणि टबाचं बूच उपसलं. सगळं पाणी गेलं. टॉवेल घेऊन आजी दारात उभ्या.

"मग? ओरडल्या का?" मी फोनवर विचारलं.

"नाही ना! वाकून मलाच म्हणाल्या, तुम्ही दमला असाल, मी आधी सांगायला हवं होतं."

"किती चांगल्या!"

"तुला कळत नाहीये," ती रडकुंडीला आली होती. "घरच्या माणसाला त्या ओरडल्या असत्या."

तिचं म्हणणं मला मग हळूहळू कळत गेलं. महिने गेले तरी माशाचा चांगला तुकडा हिलाच, जाड उशी हिलाच, आंघोळीला पहिला नंबर हिचाच. ताट उचलायला गेली की, "नको नको, तुम्ही बसा." हिवाळा लागला तशी ती परत यायच्या गोष्टी करायला लागली. एकदा म्हणाली, "पणजोबा निघून गेले ते गेलेच. त्यांची जागा आता मला कुणी भरू देणार नाही." मला इतकं वाईट वाटलं! हीच मी, जी तिला वेडी म्हणत होते, ती आता तिने परत येऊ नये म्हणून धडपडायला लागले.

मी तिला माझ्या सासूबाईंची गोष्ट सांगितली. लग्नानंतर त्या माझ्याशी साखर पेरून बोलत होत्या तोवर मी त्यांच्याकडे पाहुणीच होते. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून सगळ्यांसमोर खेकसल्या, त्या दिवसापासून स्वयंपाकघर माझं झालं. "विचारत बसू नकोस," मी म्हटलं. "विचारलं की त्या नको म्हणणार. पदर खोच आणि काम सुरू कर."

पदर म्हणजे काय ते तिला सांगण्यात दहा मिनिटं गेली. पण तिने केलं. आजींच्या आधी उठून ओसरी पुसायची. आजी उठायच्या, तीच ओसरी पुन्हा पुसायच्या. ही दुसऱ्या दिवशी परत पुसायची. मी असते तर चौथ्या दिवशी विमानात बसले असते. ही पूर्ण हिवाळा पुसत राहिली. माझी मुलगी मराठीत विचारलेल्याला इंग्लिशमध्ये उत्तर देते. तिची नात-पणती कधी कुणाच्या ओसरीसाठी एवढं करेल का, असं मनात यायचं, आणि मैत्रिणीपुढे हात जोडावेसे वाटायचे.

वसंतात एका रविवारी, म्हणजे इथे शनिवारी रात्रीच्या जेवणाच्या वेळी, तिचा व्हिडिओ कॉल आला. गालावर चिखल, केसांत चिखल, आणि चेहरा असा की मी गॅसच बंद केला.

भातलावणीच्या आधी त्या गावात पाण्याचे पाट साफ करतात. घरटी एक माणूस गेलंच पाहिजे. आजी दर वर्षी स्वतः जायच्या. यंदा गुडघा सुजला. सकाळी दारात बसून गमबूट चढवायला बघत होत्या, पाय काही जाईना. मैत्रीण चहा घेऊन उभी. आजींनी एकदम बूट तिच्या पुढ्यात टाकले आणि कडाडल्या, "बघत काय राहिलीस? फावडं घे आणि पळ! उशिरा पोचलीस तर आपल्या घराला नावं ठेवतील."

ती धावत गेली. पाटावर सगळं गाव जमलेलं. एका म्हाताऱ्याने मान वर करून विचारलं, "ही कुणाकडची?" अमेरिकेतून आले म्हणू, पणजोबांचं नाव सांगू, कुठून सुरुवात करू? तेवढ्यात शेजारची बाई चिखल उपसता उपसता म्हणाली, "वरच्या घरची." म्हातारा म्हणाला, "बरं. तिकडे वळणावर माणूस कमी आहे." आणि ही वळणावर गेली.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच!" ती म्हणाली, आणि चिखलातून पाणी वाहायला लागलं तिच्या गालावर.

इतक्यात आतून खणखणीत आवाज आला. मैत्रीण दचकली. "काय म्हणतायत?" "चिखलाचे बूट घेऊन ओसरीवर चढले म्हणून ओरडतायत." "अगं मग धू ना आधी!" मीही ओरडले. ती धडपडत उठली, फोन तसाच टाकून. स्क्रीनवर नुसतं छत दिसत होतं. आजी बोलतच होत्या, थांबायचं नाव नाही, आणि मधे मधे मैत्रिणीचं हसू आणि बादलीचा आवाज. दोघींनाही माझी आठवण राहिली नव्हती. मी बेलव्ह्यूच्या माझ्या स्वयंपाकघरात डोळे पुसत ते ऐकत उभी राहिले, आणि फोन काही मी बंद केला नाही.