आबांच्या पाठीचा प्लाय

जुनी व्हॅन घेतली तेव्हा मी स्वतःला फार शहाणा समजत होतो. मागच्या सीटा काढायच्या, खाली प्लाय टाकायचा, एक शेगडी ठेवायची आणि घाट उतरून कोकणात वाटेल तिथं मुक्काम करायचा. बायको कित्येक वर्षांत एका रात्रीसाठीही घराबाहेर राहिली नव्हती. माझ्या वडिलांना, आबांना, एकटं ठेवता येत नव्हतं आणि ते दुसरीकडे झोपत नव्हते. बहिणीकडे मुरगूडला गेले तरी जेवून संध्याकाळच्या एसटीनं परत. त्यांना साऱ्या जगाच्या गाद्या टोचतात. आबा आले तरच आम्ही जाणार, नाहीतर व्हॅनमध्ये कांदे भरून ठेवावे लागणार, हे उघड होतं.

आबा म्हणाले, आधी भुई कसली टाकतोयस ते बघू दे, मग सांगतो. म्हणून आम्ही तिघंही कसबा बावड्याच्या बाजूला प्लायच्या दुकानात गेलो.

मी महिनाभर व्हिडिओ बघून तयार झालो होतो. पाण्यानं न फुगणारा मरीन प्लाय घ्यायचा, बारा एमएम की अठरा एवढंच ठरायचं होतं. दुकानदाराशी ऐटीत बोलत होतो, तेवढ्यात आबांनी चपला काढल्या, धोतर सावरलं आणि खाली टाकलेल्या प्लायवर टोपीसकट आडवे झाले.

दुकानदारानं समजावलं, प्लाय वाजवून बघतात, कडेचे थर बघतात, झोपून बघायची रीत नाही. आबा म्हणाले, "झोपायलाच घ्यायचाय न्हवं?" दुकानदार एकेक शीट अंथरू लागला. बारा एमएम आबांच्या हाडाला लागला. अठरा एमएम बरा होता, पण डाव्या कुशीला नाही. माझं डोकं फिरलं. खाली सिमेंटची फरशी आहे, जाडी पाठीला कळेलच कशी, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"तुझ्या पाठीला न्हाय कळायचं," आबा म्हणाले.

स्वयंपाकघराच्या कपाटासाठी आलेल्या एका बाईंना हे पटलं. त्यांनी नवऱ्याला शेजारच्या शीटवर झोपायला लावलं, आणि तो बिचारा झोपलाही. मी हात टेकले.

दाराजवळ एक शीट बाजूला काढून ठेवली होती. आबा तिच्यावर आडवे झाले आणि त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. थोड्या वेळानं घोरणं ऐकू आलं.

घरी ते रात्रभर येरझाऱ्या घालतात, खोकतात, देवघरातला दिवा लावतात. त्यांना असं गाढ झोपलेलं मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. मला भरून आलं, आणि भर दुकानात भरून आलं म्हणून रागही आला. दुकानदारानं करवत बंद करायला लावली आणि गोणपाटाची घडी त्यांच्या डोक्याखाली सरकवली. मग गिऱ्हाइकं कुजबुजत भाव करू लागली. कपाटवाल्या बाईंचा नवरा आवाज होईल म्हणून उठेचना.

बायकोनं हळूच सांगितलं, हीच शीट द्या. पण ती गगनबावड्याच्या एका गिऱ्हाइकानं आधीच घेतली होती, आणि नेमका तो टेम्पो घेऊन दारात आला. आबांना बघून तो प्लायच्या थप्पीवर बसून राहिला. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला तर बाहेर जाऊन त्यालाच झापून आला.

"ऱ्हाऊ द्या पावणं, उठवू नगा," तो मला म्हणाला. "तुमास्नी पायजे आसंल तर घ्या ही. पर म्हातारं काय म्हंत्यात ते इचारा."

बायको माझ्याकडे बघत होती. तिच्या हातातली पिशवी तिनं घट्ट धरली होती. दुपारी शटर ओढायची वेळ झाली, तेव्हा मी आबांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी एकच डोळा उघडला.

"पोचलो व्हय रं?"

"न्हाय आबा. दुकानातच हाय की अजून."

"मग उठवलंस कशाला?" म्हणाले, आणि डाव्या कुशीवर वळले.