भावांचा पिक्चर आणि कुडाची भिंत

फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. पलीकडून चुलतभाऊ सुनील बोलत होता. "ताई, बाबा गेले." मी विचारलं, "कधी?" तो म्हणाला, "आत्ताच गो. चहा पिऊन बसले व्हते." मी बरं म्हणून फोन ठेवला आणि सुपातले उरलेले तांदूळ निवडून संपवले. मगच आसनगावच्या नाक्यावर जाऊन गावाकडची जीप पकडली. सुनीलचे बाबा म्हणजे आमचे हरीकाका, माझ्या वडिलांचे सख्खे थोरले भाऊ. त्यांना जाऊन आता सात आठवडे होतील आणि मला अजून रडू आलेलं नाही. शेजारच्या बायका म्हणतात, येईल, कधीतरी एकदम येईल. येईल तेव्हा येईल. तोवर जे आठवतंय ते लिहून काढावं म्हणून बसले आहे.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या मधोमध आमचं गाव. तिथं व्हिडिओ आणणारे पहिले हरीकाका. कुणाचं बारसं असो, सत्यनारायण असो, नवसाची पूजा असो, काका टीव्ही आणि व्हीसीआर घेऊन हजर. जीपमध्ये तो व्हीसीआर गोधडीत गुंडाळून, बाळंतिणीनं मूल धरावं तसा मांडीवर घेऊन बसत. रविवारी दुपारी लाइट असली की घरीच खेळ लावत. पिक्चर कसला लावायचा यात मात्र कुणाचं ऐकत नसत. मारामारीचाच हवा, आणि मारामारीही घरातल्या घरातली. चोर-पोलिसांचे पिक्चर त्यांना पाणचट वाटत. "चोराला मारलं तं त्यात काय मोठं?" म्हणायचे. "आपल्या मानसावर हात उचलताना कसं व्हतं, ते बघायचं." आणि खरंच, पडद्यावर भाऊ भावाला बदडायला लागला की आमच्या खोलीतल्या बायका डोळ्याला पदर लावायच्या. वाडीवरच्या म्हाताऱ्यांना हिंदी कळायचं नाही, म्हणून काका मशीनजवळ उभे राहून मोठ्यानं मराठीत सांगत जायचे. आता हा घरात आला, आता आई मधी पडली, आता यानं त्याची कॉलर धरली... त्यांच्या आवाजापुढं टीव्हीचा आवाज बापडा कुठल्या कुठं जायचा.

आमच्या घरात मात्र कुणी कुणाची कॉलर धरली नाही. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं, तेव्हा मांडवाची पहिली मेढ रोवायचा मान थोरले चुलते म्हणून हरीकाकांचा होता. नेमकी त्याच सकाळी त्यांनी सरळगावची एक पूजा घेतली होती. येतो म्हणाले होते वेळेवर, पण तिथं लाइट गेली, लोकांनी पिक्चर पुरा झाल्याशिवाय सोडलं नाही. इकडं मुहूर्त टळायला लागला. भटजी घाई करायला लागले आणि माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, मामाच्या हातून मेढ रोवून घेतली. काका आले ते मांडीवरचा व्हीसीआर तसाच छातीशी धरून. मेढ उभी दिसली. लग्नाला जेवले नाहीत. घर तेव्हा एकच होतं, मध्ये फक्त कुडाची भिंत आणि तिला एक दार. त्या आठवड्यात काकांनी ते दार कारवीच्या काठ्या लावून शेणामातीनं लिंपून टाकलं. मग बारा वर्षं दोघे भाऊ एका छपराखाली राहिले आणि एकमेकांशी बोलले नाहीत.

कुडाच्या भिंतीतून माणूस दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. रविवारी पलीकडं खेळ सुरू झाला की अण्णा अलीकडं भिंतीला पाठ लावून बसायचे, विडी ओढत. झोप येत नाही म्हणायचे. आम्हा पोरींना जायला बंदी नव्हती, मी पलीकडं जाऊन बघायची. एक कॅसेट काकांची फार लाडकी होती. तिच्यावरची चिठ्ठी कधीच निघून गेली होती, म्हणून सगळं गाव तिला 'भावांचा पिक्चर' म्हणायचं. दोन भाऊ, गैरसमज, मग अंगणात एकमेकांना रक्त येईस्तोवर मारतात, आणि शेवटी धाकटा थोरल्याच्या दारात येऊन पाय धरतो. पण काका सांगताना तिथं बदल करायचे. मशीनजवळून भिंतीपर्यंत सरकायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "आता बघा, थोरला चाललाय. धाकट्याच्या दारात चाललाय. म्हनतो, चुकलं माझं, मी येलेवर नाय आलो..." पडद्यावर असं काही नसायचंच. मी एकदा हळूच म्हटलं, "काका, तो तं धाकटा हाय ना, दारात येतो तो?" त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. म्हणाले, "गप बस गो. पिक्चर बघ."

ते घरी जाऊन अण्णांना सांगावं असं मला कितीदा वाटलं. तुम्हाला जे ऐकू येतं ते पिक्चरमध्ये नाही, ते काका तुमच्यासाठी घालतात, एवढंच सांगायचं होतं. पण भीती वाटली, की सांगितलं आणि अण्णा चिडले, तर काका ते सांगायचंही बंद करतील. मग माझं लग्न झालं, मी आसनगावला आले. गावात केबल आली, सीडी आल्या, काकांचा खेळ बघायला कुणी येईनासं झालं. तरी रविवारी ते एकटे काकूला समोर बसवून 'भावांचा पिक्चर' लावायचे आणि तेवढ्याच मोठ्यानं सांगायचे, असं काकू म्हणते. मारामारीचे पिक्चर आम्हा लोकांना का आवडायचे हे मला आता थोडं कळतं. त्यात जे मनात असतं ते हातात येतं, दणका बसतो, आणि दणका बसल्यावर निदान मिठी तरी मारता येते. आमच्यात अबोला धरतात. अबोल्याला शेवटचं रीळ नसतं.

मयताला अण्णा गेले. खांदा दिला, पण अंगणातूनच फिरले, घराचा उंबरा चढले नाहीत. तेरावं झाल्यावरच्या रविवारी मी गावात होते. सुनीलला व्हीसीआर भंगारात द्यायचा होता. देण्याआधी चालतो का बघावं म्हणून त्यानं आत होती तीच कॅसेट लावली. भिंतीतून आवाज आला. नुसता टीव्हीचा, वर सांगणारं कुणी नाही. अण्णा विडी विझवून उठले, टोपी घातली आणि बाहेरून वळसा घालून पलीकडच्या दारात जाऊन उभे राहिले. काकू म्हणाली, "या भावोजी." बारा वर्षांनी ते त्या खोलीत गेले. मीही मागोमाग गेले. काकूनं चहा दिला. तो हातात धरून ते पिक्चर बघत राहिले. धाकटा भाऊ दारात आला, त्यानं थोरल्याचे पाय धरले. मला वाटलं, आता सांगायलाच हवं.

"अण्णा," मी म्हटलं, "काका हे उलटं सांगायचे..."

"म्हाईत हाय मला," अण्णा म्हणाले. "वाशिंदच्या कंपनीत जलम गेला माझा. हिंदी काय कलत नाय मला? सगलं ऐकू यायचं, टीव्हीतलं पन."

"मग तुमी का नाय गेलात एकदा तरी?"

पडद्यावर सगळं घर एकत्र होऊन हसत होतं.

"तो दर रविवारी येतो, येतो म्हनायचा गो," अण्णा म्हणाले. "म्हनून मी गेलो नाय."

चहा तसाच निवला होता. मी त्यांच्या हातातून कप घेतला, आत जाऊन विसळला आणि काकूच्या मांडणीवर पालथा घालून ठेवला.