समासातली काकवी

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पहिल्या वर्षाची हजेरी लिहीत बसले होते. "चहाचं आधण तसंच आहे हो गॅसवर," तिच्या शेजारच्या वहिनी एवढंच दोनदा म्हणाल्या. मी फोन ठेवला, हजेरी पुरी केली आणि मगच उठले. अर्धवट टाकलेलं काम तिला खपत नसे. आज सहा आठवडे झाले, तरी माझा राग काही जात नाही. ती गेली म्हणून नव्हे, माणसं जातातच. ती गेल्यावर आमच्या गोतावळ्यानं सुटकेचा निःश्वास टाकला, त्याचा हा राग आहे.

शालिनीआक्का माझी मावसबहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. मी येळ्ळूरची, ती निपाणीजवळच्या खेड्यातली, आणि आजोळ दोघींचं उचगाव. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाल्या झाल्या तिला सख्ख्या मामाच्या मुलाला दिली. आमच्याकडे यात विचारायचं काही नसतं. मामाला मुलगा असला की भाचीचं ठिकाण पाळण्यातच ठरतं. आक्काही खूश होती. मामीच्या हातची भाकरी खात मोठी झालेली पोर, तिला सासरची कसली भीती...

पहिलं बाळंतपण माहेरी झालं. ऐन गुऱ्हाळाचे दिवस, घरामागच्या रानातच रस उकळत होता आणि अंथरुणापांघरुणालासुद्धा काकवीचा वास येत होता. बाळ चांगलं गुटगुटीत होतं, पण चार दिवसांनी ते दूध ओढेना, मान टाकून पडायला लागलं. लंगोटांना गोड, करपट वास यायचा. मावशी म्हणाली, "गुऱ्हाळाचा धूर लागतोय गं धुण्याला." लंगोट परसातच वाळत असायचे, तेव्हा सगळ्यांना ते पटलं. बारशाच्या आधीच बाळ गेलं. दुसरी मुलगी उचगावात झाली, पेरणीच्या दिवसांत. पाचव्या दिवशी आक्कानं लंगोट बदलला आणि नाकाशी धरला. कोसभरात कुठं गुऱ्हाळ पेटलेलं नव्हतं. "मामी, ह्यो वास लेकराचा हाय," ती म्हणाली. "डिंकाचं लाडू लई खाल्लीस, दुसरं काय," मामी म्हणाली. डॉक्टरांनी ताकदीचं औषध लिहून दिलं. मुलगीही गेली.

मग सख्ख्या मामानं भाचीला माहेरी आणून सोडलं. वर्षाच्या आत भावोजींचं दुसरं लग्न झालं, त्यांना दोन धडधाकट मुलं झाली, आणि अख्खं गाव त्या मुलांकडे बोट दाखवून म्हणू लागलं, खोट हिच्यातच होती. आक्का कुणाशी भांडली नाही. तिनं बायोकेमिस्ट्री घेऊन एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. अन्नाचं शरीरात काय होतं, ते कुठं अडतं आणि अडलं की माणसाचं काय होतं, एवढंच तिला हवं होतं. एका दुपारी पुस्तकात तिला ती ओळ सापडली. काही बाळांना जन्मतःच प्रथिनांमधले तीन घटक मोडता येत नाहीत, ते अंगात साठून मेंदूवर जातात आणि लघवीला मेपलच्या पाकासारखा वास येतो. मेपल म्हणजे काय, हे तिनं सरांना विचारलं. थंड देशातलं झाड, त्याचा रस उकळून पाक करतात, सर म्हणाले. आक्का खोलीवर आली आणि पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला, काकवी. पुढं कधीतरी मला हे सांगताना ती म्हणाली, "मंगल, दुधातलंच त्यांना पचत न्हवतं गं... आणि मी पाजतच होते." तिला रडताना मी तेवढंच पाहिलं.

बेळगावच्या नर्सिंग कॉलेजात ती शिकवायला लागली. मी तिची विद्यार्थिनी, नंतर सहकारी. चयापचयाचे विकार हा धडा आला की ती घरून काकवीची बाटली आणायची आणि बाकाबाकांवरून फिरवायची. मराठी मुलींना काकवी म्हणायची, कन्नड मुलींना जोनीबेल्ल. "परीक्षेत मेपल लिवा, पर वॉर्डात नाक काकवी हुडकू दे." स्वतःचीच वंशावळ ती फळ्यावर काढायची, दोन भरीव खुणा आपल्या लेकरांच्या. "खोट दोघांत अर्धी अर्धी असती. दुसरी बायको लांबची मिळाली, म्हणून त्येंची पोरं जगली," हे सांगताना ती चक्क हसायची. एकदा तोंडी परीक्षेत एक मुलगी काकवी म्हणाली आणि बाहेरून आलेले परीक्षक मोठ्यानं हसले, गुण कापायला निघाले. आक्कानं शांतपणे विचारलं, "सर, मेपल तुम्ही कधी हुंगलाय?" त्यांनी नाही म्हटलं. "तिनं काकवी हुंगलीय. मग जास्त कुणाला येतंय?" गुण मिळाले. आक्काची बढती मात्र पुढं दोन वर्षं अडकली, आणि तिनं त्याची फिकीर केली नाही.

हे सगळं कौतुकानं ऐकणारी मी, माझ्याच दारात तो प्रश्न आला तेव्हा मात्र गडबडले. माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, माझ्या लेकीला, प्राचीला, आपल्या मुलासाठी, राहुलसाठी मागितलं. लहानपणापासूनची ओळख, मुलगा सालस, आणि प्राचीला तो आवडतो, हीच खरी अडचण. आक्का म्हणाली, "लग्न मोडा म्हणत न्हाय मी. दोघांचं रक्त तपासा. एकाचं जरी निर्दोष निघालं तर पंगतीत वाढायला मीच येते." अण्णा भडकला. "आमच्या रक्तात खोट काढतीस व्हय? तुझी दोन गेली म्हणून आमचीबी जायाची?" आक्का उठून निघून गेली नाही. तिनं समोरचा चहा संपवला आणि म्हणाली, "व्हय रं. जातील. म्हणूनच सांगते." प्राचीनं आपणहून रक्त दिलं. अहवाल आला, तिच्यात तो दोष अर्धा आहे. तिला स्वतःला त्याचा काही त्रास नाही. आता प्रश्न फक्त राहुलच्या रक्ताचा होता, आणि ते द्यायला अण्णा तयार नव्हता.

आक्काच्या तेराव्याला जेवणं झाली. अण्णा माझ्याजवळ येऊन बसला. "मंगल, आक्का गेली, तो इषयबी तिच्यासंगं गेला. पुढच्या महिन्यात सुपारी फोडू." आजूबाजूच्या बायका माना डोलावत होत्या. मामी, आक्काची एकेकाळची सासू, आता नव्वदीला टेकलेली, तीही. खरं सांगते, क्षणभर मला हो म्हणावंसं वाटलं. एकुलता एक भाऊ, त्याच्याशी तोडायचं कसं... पण मामीच्या डोलणाऱ्या मानेकडे बघून माझं डोकं फिरलं. "आक्का न्हाय, पर मी हाय," मी म्हणाले. "प्राचीच्या रक्तात खोट हाय. कागद पर्समध्ये हाय, बघतोस? राहुलचा कागद आण, तवा बोलू." अण्णा ताडकन उठला तो अजून माझ्याशी बोलत नाही. नको बोलू दे. हे सगळं मी पेपरात छापायला देतेय; मुलीचं नाव छापल्यावर तिला कोण करणार, असं लोक म्हणतील. मी प्राचीला तेच विचारलं. ती म्हणाली, "घाल माझं नाव. राहुललाबी कात्रण पाठव."

आक्काची एक सवय सांगायची राहिली. धडा सुरू करण्याआधी ती वर्गाला विचारायची, कुणाकुणाच्या घरात मामाकडे मुली दिल्यात? मग ती स्वतःचा हात वर करायची आणि दुसरा एखादा हात वर येईपर्यंत खाली घ्यायची नाही. गेल्या सोमवारी तो धडा पहिल्यांदा माझ्या वाट्याला आला. मी विचारलं आणि हात वर केला. मुली वहीत बघत राहिल्या. दंडाला कळ लागली, तेव्हा मी दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला. बऱ्याच वेळानं खिडकीजवळच्या मुलीनं हात वर केला, बाकाच्या थोडासाच वर. मग तिच्या मागचीनं. अकरा हात झाले, तेव्हा मी माझा खाली घेतला, खडू उचलला आणि फळ्यावर आमच्या वंशावळीत पहिलं नाव प्राचीचं लिहिलं.