बाबांच्या घडीचा पट्टा

माझा धाकटा भाऊ बंगलोरला असतो. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. तब्येत, जेवण, गोळ्या एवढं विचारून झालं की शेवटचा प्रश्न ठरलेला, घडी घालता ना? आणि खोटं बोलल्याबद्दल लहानपणी आम्हाला दिवसभर हातमागाशेजारी बसवून ठेवणारे माझे बाबा बिनदिक्कत सांगायचे, घालतो ना गा, रोज घालतो. मी तिथेच मेथी निवडत बसलेली असायची. घडी माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे, डब्यात बंद.

आमच्या नागपुरात मनगटावरच्या घड्याळाला घडीच म्हणतात. ही घडी भावाने दिवाळीला आणली होती. परदेशी, नावाजलेली, काळ्याभोर चामड्याच्या पट्ट्याची. बाबांनी जन्मभर हातमागावर साड्या विणल्या, महागाची वस्तू उठसूट वापरायची नाही हे त्यांच्या रक्तातच. लग्नाकार्यात घालीन म्हणाले आणि डबा माझ्या हवाली केला. दोन महिन्यांनी त्यांना उजव्या अंगावर लकवा मारला.

तसं थोडक्यात निभावलं. पाय परत आला, बोलणं परत आलं. उजव्या हाताची बोटं मात्र रुसली ती रुसलीच. पेला धरता येतो, पण चिमूट जमत नाही. म्हणून बटणांचे शर्ट सोडून त्यांनी गळ्यातून घालायचे सदरे धरले. घडीला मात्र असा काही तोडगा नव्हता. घडी डाव्या मनगटावर, म्हणजे बक्कल लावायचं उजव्या हातानं, आणि बक्कल म्हणजे सगळा चिमटीचाच खेळ.

"मी रोज बांधून देते ना, त्यात काय एवढं?" मी एकदा जरा तडकूनच म्हटलं. मी अशीच आहे, माया आली की माझा आवाज चढतो.

बाबा म्हणाले, "आयुष्यात कोनापुढं हात केला नाही वं मी. आता रोज सकाळी घडीसाठी तुह्यापुढं करू?"

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली. पण ते मनाला लागलं हे खरं. घडी डब्यात पडून राहिली याचं मला दुःख नव्हतं, बाबा दर रविवारी पोटच्या पोराशी खोटं बोलतात याचं होतं.

म्हणून त्यांना घेऊन धरमपेठेतल्या एका मोठ्या दुकानात गेले. हुडकेश्वरहून ऑटोने जाईपर्यंत उन्हाने जीव नकोसा झाला, आत मात्र काश्मीर. तिथल्या पोऱ्याने पांढरे हातमोजे चढवले, घडीवरून असा हात फिरवला की जणू तान्हं बाळच, आणि दुमडून बंद होणारं एक चकचकीत बक्कल दाखवलं. मग त्याने घालून दाखवायला म्हणून बाबांचं मनगट हातात घेतलं. बाबांनी हात काढून घेतला. पोरगा बिचारा ओशाळला. ते बक्कलही दाबायला दोन बोटं लागत होतीच. मी वेल्क्रोचा पट्टा मिळेल का विचारलं, तर त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पैठणीला इलॅस्टिक लावायला सांगितलं होतं. पण एक काम झालं. बक्कल दाखवायला त्याने जुना पट्टा काढला होता, तेव्हा त्याचे हात मी नीट बघून ठेवले.

वेल्क्रोचा पट्टा मिळाला इतवारीत, भांड्यांच्या बाजारामागच्या बोळात, घड्याळांच्या सुट्या सामानाच्या दुकानात. जाडसर नायलॉनचा, एका बाजूला चौकोनी कडी. पट्टा कडीतून ओवलेलाच राहतो, त्यात हात सरकवायचा, टोक ओढायचं आणि उलटं दाबून चिकटवायचं. दुकानदाराने आधी माप विचारलं. पट्टा जिथे अडकतो त्या दोन कानांमधलं अंतर मी माझ्या मुलाच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मोजून नेलं होतं, वीस मिलिमीटर. कोणती घडी विचारल्यावर मी म्हटलं, अशीच आहे साधी. पट्टा काढायचं हत्यारही त्याच्याकडेच घेतलं, पेनाएवढं, एका टोकाला दोन दातांचा इवलासा काटा. आणि दोन पिना जास्तीच्या. त्या राहू द्या, लागतात, असं तो म्हणाला तेव्हा मला हसू आलं होतं.

लागल्या. पट्टा कानांमध्ये धरून ठेवणारी ती पिन म्हणजे बारीक नळी, आत स्प्रिंग, दोन्ही टोकं दबणारी. मी काटा घातला, जोर केला, टिच्च आवाज झाला आणि पिन गायब. आमचे हे बॅटरी घेऊन पलंगाखाली शिरले आणि तिथूनच म्हणाले, शाळेतल्या पोरांच्या बुटाचा पट्टा एवढ्या भारी घडीला लावतेस, तिने पळून जायचं नाही तर काय करायचं? मी म्हटलं, पिन सापडल्याशिवाय बाहेर येऊ नका. पिन नाही सापडली, जुनी रबरी चप्पल तेवढी सापडली.

बाबा खुर्चीत बसून सगळं बघत होते. म्हणाले, आधी खाली कापड अंथर. बारीक काम उघड्या जमिनीवर करत नसतात. मग मी जुनं धोतर चौघडी करून टेबलावर पसरलं, घडी त्यावर पालथी ठेवली, कानांना चरा पडू नये म्हणून रंगकामाची कागदी टेप लावली. आणि मला युक्ती सुचली, सगळा कारभार साड्यांच्या पारदर्शक पिशवीत केला. पिन उडाली तरी पिशवीतच राहणार.

पुन्हा काटा घातला आणि पुन्हा जोर करायला लागले. एक चरा पडला असता तर भावाला काय तोंड दाखवलं असतं?

"जोर नोको करू," बाबा म्हणाले. "कुठं अडलं ते बोटाले कळू दे पह्यले."

मग मी बळ लावणं सोडलं. काटा पट्टा आणि कान यांच्या फटीत हळू सरकवला, पिनेची कड दातांत आली तसं आतल्या बाजूला दाबलं, आणि पट्ट्याची उरलेली बाजूही अलगद सुटली. नवा बसवताना उलटं. पिन पट्ट्यात ओवायची, एक टोक भोकात टेकवायचं, दुसरं काट्याने दाबून सरकवत न्यायचं, की आपोआप टिच्च. मग पट्टा दोन्हीकडून ओढून बघायचा. मी चारदा ओढून बघितला. बाबांनी पाचव्यांदा ओढला, डाव्या हाताने, आणि मान हलवली. मला पहिला नंबर आल्यासारखा आनंद झाला.

खरी लढाई पुढेच होती. घडी आता उजव्या मनगटावर घालायची, म्हणजे चांगला डावा हात ती बांधणार. हे ऐकून बाबा बिथरले. घडी डाव्याच हाताले असते, म्हणाले. मी म्हटलं, असा कायदा कुठे लिहिलाय? दोन दिवस अबोला. बाप तशी लेक, दुसरं काय? नवा पट्टा लावलेली घडी मी त्यांच्या उशाशी ठेवून दिली आणि तो विषयच काढला नाही.

शनिवारी सकाळी त्यांच्या खोलीतून वेल्क्रोचा चर्रर आवाज आला. पुन्हा चर्रर. मी पोळ्या टाकून दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. बाबा पलंगावर पाठमोरे, उजवा हात मांडीवर ठेवलेला, घडी सारखी पालथी पडत होती. आत जावं, धरावं, एका क्षणात होईल, असं इतकं वाटलं की मी चौकट घट्ट धरून ठेवली. सहा-सात वेळा चर्रर झालं. तव्यावरची पोळी जळल्याचा वास आला तरी मी हलले नाही. मग आवाज थांबला. बाबांनी मनगट उचलून खिडकीच्या उजेडात धरलं आणि किती वेळ तसेच बसले. माझे डोळे भरून आले. जळकी पोळी मी खाल्ली आणि ती मला गोड लागली.

रविवारी फोन आला. भावाने शेवटी नेहमीप्रमाणे विचारलं, घडी कशी आहे बाबा?

"घडी मोडली," बाबा म्हणाले.

फोन स्पीकरवर होता. मग भाऊ घाबराघुबरा विचारू लागला, मोडली म्हणजे? पडली का? ताईने पाडली का? काच गेली का? माझं नाव आधी, अर्थातच. इतकी वर्षं बंगलोरला राहून हा पोरगा विसरला होता की आपण विणकर, आपल्या घरात आधी लुगड्याची घडी, मग मनगटावरची. नवं लुगडं नेसलं, नवं धोतर नेसलं, की त्याची घडी मोडली म्हणायचं. बाबांनी घडी पहिल्यांदा घातली होती, आणि दिवाळीपासूनचं खोटं ते आज आपल्याच तोंडाने कबूल करत होते.

मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी मला गप्प बसायची खूण केली. मग फोनवर वाकून ते सावकाश म्हणाले, "इतले दिवस डब्यातच होती गा. काल मोडली. माह्या हातानं. कोनी बांधून नाही देल्ली."