सखूची लाल माळ

माझी धाकटी बहीण सखू श्रावणात रानातली अळंबी खाऊन मेली. म्हणून मी आंबेगावच्या डोंगरात तिच्या घरी गेले, फिरायची हौस व्हती म्हणून न्हाई.

बोरी बुद्रुकहून आळेफाटा, मंचरला एसटी बदलायची, घोडेगावहून पुढं जीप. जीप भरल्याशिवाय हलत न्हाई, तवा आधी खाऊन घ्या. डिंभ्याचं धरण दिसलं की लोक फोटो काढतात. मी डोकं बाहेर काढून ओकले.

जीपमध्ये एकजण म्हणला, "त्या म्हातारीला सुनेनंच विषारी अळंबी घातली, राव."

मी तोंड पुसलं. "तू व्हतास का वाढायला?"



सोबत नात व्हती, कविता. पुण्यात लॅबमध्ये रानातल्या अळंब्यांच्या जाती ओळखती.

तिकडं रीत अशी, की रानातली अळंबी थोरल्या बाईनं रात्री आधी खायची, बाकीच्यांनी सकाळी. सखूनं खाल्ली. सकाळी कुणी जेवलंच न्हाई.

उरलेल्या अळंब्या माळा करून चुलीवर धुराला टांगलेल्या. त्याच दिवशी खुडलेल्या. लाल दोऱ्यात सखूनं खुडलेल्या, पांढऱ्यात तिच्या सुनेनं, मंगलनं.

मंगलनं पाणी लेकीच्या हातानं धाडलं. "मावशी, माझ्या हातचं आता कुणी घेत न्हाई."

कविता माळा निरखत म्हणाली, "आजी, वाळल्यावर सगळ्या सारख्याच दिसतात. डीएनए वाचावा लागेल."

"म्हंजी?"

"प्रत्येक जातीच्या आत अक्षरं असतात समज. मशीन ती वाचतं. मग माहितीतल्या जातींशी जुळवायची."

"अळंबी माझ्यापेक्षा जास्त शिकलेली हाय की."

कवितानं दोन्ही माळांतल्या थोड्या तपासायला घेतल्या. येताना मंगलनं केलेली भाकरी मी मागून घेतली. घोडेगावच्या स्टँडवर खाल्ली. चांगली व्हती.

घरी आल्यावर लई दिवसांनी कविताचा फोन आला. पांढऱ्या माळेतल्या सगळ्या खायच्या. लाल माळेत विषारी जात मिसळलेली.

जन्मभर अळंबी खुडली सखूनं. मला तिनंच ओळखायला शिकवली.

मंगलला फोन केला. ती रडली. म्हणाली, "मावशी, कुणाला सांगू नका. आत्याबाईंना लोक नावं ठेवतील. मला बोलतात तर बोलू द्या."

मी तिचं ऐकलं न्हाई. तिच्या गावात चार घरी फोन लावून सांगितलं, आता इथंबी लिहिलं. मेलेलीला बोल लागत न्हाई, जितीला पोरं वाढवायचीत.

सखूला हे चाललं असतं का, ठाऊक न्हाई. असलं काही आजवर तिलाच विचारत व्हते.