चिठ्ठी नसलेला बेडूक

कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात एकतीस वर्षं स्पिरिटात बुडवलेल्या प्राण्यांच्या बरण्या सांभाळणाऱ्या या माणसाला सगळे बाटलीकाका म्हणत. बायको म्हणायची, "सवत परवडली असती, कपड्यांना स्पिरिटचा वास तरी आला नसता!" शिक्षण सातवीपर्यंत, पण पोरांना शिकवायची भारी हौस. "हा बेडूक बघा. पाण्यातून बाहेर आला खरा, पण अंडी घालायला परत पाण्यातच. सरड्याच्या अंड्याला कवच आलं आणि गडी कायमचा जमिनीचा झाला." यात प्राध्यापकांनाही खोट काढता येत नसे.

निवृत्तीला सहा महिने उरले, तेव्हा काकांनी बरण्यांतल्या, प्राण्याचं नाव आणि सापडल्याचं ठिकाण सांगणाऱ्या, पिवळ्या पडलेल्या बेचाळीस चिठ्ठ्या हौसेनं नव्या लिहिल्या. या पेनाची शाई पाण्यानं जात नाही, असं दुकानदारानं छातीठोक सांगितलं होतं. नाहीच जात हो! पण बरणीत पाणी कुठे असतं? जुन्या चिठ्ठ्या शिसपेन्सिलीच्या, म्हणून स्पिरिटमध्ये टिकलेल्या. त्या काकांनी जाळून टाकल्या. विनाशकाले विपरीत बुद्धी, दुसरं काय! महिन्याभरात चिठ्ठ्या कोऱ्या आणि स्पिरिट निळं. नोंदवही तर वाळवीनं कधीच फस्त केली होती.

मग बेडकांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या आणि एका बरणीपाशी थबकल्या. "काका, याची बोटं वेगळीच आहेत. नवी जात असेल ही! कुठे सापडला?"

"गिरणीमागच्या डबक्यात. मीच धरला. तेव्हाचे प्राणिशास्त्राचे सर काठावर, मी गुडघाभर चिखलात. आता डबकं बुजवलंय, तिथे गाड्या उभ्या राहतात."

"चिठ्ठी?"

काकांनी कोरा कागद दाखवला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं त्यांना.

बाईंनी कागद उजेडात धरून उलटसुलट पाहिला. "माझा विश्वास आहे हो. पण लेखी नोंद नसली की ठिकाण ग्राह्य धरत नाहीत. आणि ठिकाणाशिवाय या एकट्या बेडकावरून नवी जात कोण मानणार?"

"मी आत्ता सही करून देतो!"

विभागप्रमुख दारातच उभे होते. "बेचाळीस चिठ्ठ्या धुऊन काढणाऱ्याची सही?"

खोटं काय होतं त्यात? काकांनी मान खाली घातली.

बाईंनी नवी चिठ्ठी आणि शिसपेन्सिल पुढे सरकवली. "लेखी पुरावा आहे तेवढंच लिहायचं. तुम्हीच लिहा, काका. माझ्याच्यानं होत नाही."

डबकं डोळ्यांसमोर होतं, शेवाळाचा वाससुद्धा आठवत होता. काकांनी सावकाश लिहिलं: "उभयचर. बेडूक. जात: माहीत नाही. ठिकाण: माहीत नाही."